तीन बोटं फट

दिनांक १० नोव्हेंबर १९६८, रविवार. रक्कम रुपये एक्कावन्न, इसार म्हणून. देणारे पाचोऱ्याचे मिश्रीलालशेठ, घेणारे आमचे शेजारी यशवंतनाना. हजर: नाना, त्यांच्या पत्नी गोदाअक्का, शेठ आणि मी. जागा नानांचं अंगण, मेहरूण, जळगाव. विकायची वस्तू एक मोटारसायकल, ठरलेली किंमत बावीसशे. चिठ्ठी माझ्याच हातची, तिची नक्कल अजून माझ्याकडे आहे, म्हणून हे आकडे पाहून लिहितो. शेवटची ओळ रिवाजाची होती: विकत घेणारा फिरला तर इसार बुडाला, विकणारा फिरला तर दुप्पट परत.

चिठ्ठीत एक गोष्ट नाही. मी सहीसाठी कागद पुढे केला तेव्हा गोदाअक्का ओट्यावर बसून देवाच्या वाती वळत होत्या, आणि त्यांचा हात थांबला. तोवर सहा वर्षं मी त्यांचा शेजारी होतो. हा हात थांबलेला मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला.

गोदाअक्कांना रिकामं बसता येत नसे. बोलताना वाती, ऐकताना वाती, कोणाच्या घरी समाचाराला गेल्या तरी कमरेच्या पिशवीतून कापूस निघायचा. मी जिनिंगमध्ये हिशेबनीस. रुईचे चांगले पुंजके मी त्यांना आणून द्यायचो. त्या पुंजका चिमटीत धरून वर करत, फुंकर मारत आणि सांगत, "भाऊ, ह्या गासडीत ओल शे." दोनदा मी जाऊन पाहिलं. दोन्हीदा ओल होती.

माहेर त्यांचं भडगावजवळ, गिरणाकाठी. जळगावात वीस वर्षं काढून बोली शहराची झाली होती, पण आनंद झाला किंवा राग आला की खाली दडलेली खान्देशी वर यायची. दोन्ही गोष्टी त्यांना दिवसातून बऱ्याचदा होत.

आवाज मात्र कायमच मोठा. त्याचं कारण ती मोटारसायकल. नाना ऑइल इंजिनांचे आणि पंपांचे एजंट. गावोगाव फिरायचं, सुटे भाग आणायला धुळ्याला जायचं, म्हणून त्यांनी १९५७ साली ही फटफटी घेतली. अक्का पहिल्या दिवसापासून मागे बसल्या, एका अंगाला पाय सोडून. तोंड आपोआप नानांच्या डाव्या कानाशी यायचं. फटफटीच्या आवाजावर आवाज चढवून अकरा वर्षं बोलल्या, आणि घरात उतरल्यावर तो आवाज खाली करायचं राहून गेलं. त्यामुळे नानांचं कोणत्या गावात किती येणं आहे, डाळीत मीठ किती पडलं आणि कोणत्या दिराशी बोलणं बंद आहे, हे सगळं आमच्या गल्लीला ठाऊक असे. नाना हळू बोलत. त्यांची बाजू कोणालाच कळत नसे.

अक्कांना वाऱ्याचं कळायचं. याला दुसरा शब्द मला सुचत नाही. आम्ही नवीन राहायला आलो तेव्हा आमच्या स्वयंपाकघरात शेगडीचा धूर कोंडायचा. माझी पत्नी डोळे पुसत पोळ्या करायची. अक्का पहिल्याच दिवशी आत आल्या, उभ्या राहिल्या, गाल थोडा वळवला, जसं कोणी हाक मारल्यावर वळवतो तसा, आणि म्हणाल्या, "शेगडी इकडे घे बाई, आणि ती मागची खिडकी बोटभर उघडी ठेव. पूर्ण उघडू नको." शेगडी मोजून दीड हात सरकवली. धूर गेला. पापड कोणत्या गच्चीवर वाळतील, धान्य उफणायची तिवई कोणत्या तोंडाने मांडायची, लग्नाच्या मांडवात गॅसबत्ती कुठे टांगली तर फडफडणार नाही, हे विचारायला लोक यायचे. त्या कधी कारण सांगत नसत. "मी काय शाळा शिकले?" म्हणत आणि येणाऱ्याच्या हातावर दोन केळी ठेवत.

केळी घरचीच असत. अक्कांना भाऊ नव्हता. गिरणाकाठी वडिलांची, तात्यांची, साडेतीन एकर केळीची बाग होती आणि सत्तरी ओलांडलेले तात्या तिथेच झोपडी करून एकटे राहत. जळगावला या म्हटलं की सांगत, "मना पाय तठे चालत नहीत." म्हणून दर गुरुवारी नाना-अक्का फटफटीवर जात. पाणी, खत, मजूर, तोडणी सगळं अक्का पाहत, नाना मोटेच्या जागी बसवलेलं इंजिन पाहत, आणि दिवेलागणीला परत. अडतीस मैल. आगगाडीने पाचोरा, तिथून मोटार भडगाव, पुढे पायी असं केलं तर मुक्काम करावा लागे. तेव्हा फटफटी गेली की बाग खंडाने द्यायची आणि तात्यांना उचलून जळगावच्या खोलीत आणून ठेवायचं, हे त्या दोघांनाही माहीत होतं. कोणी ते बोलत नव्हतं, इतकंच.

मग गाडी विकायची कशाला? आदल्या थंडीत नानांच्या तोंडाची डावी बाजू लुळी पडली होती. दीड महिन्यात ते बरे झाले, पण डॉक्टरांनी बजावलं, की तोंडावर गार वारा घ्यायचा नाही. गाडीला पुढे काच लावा, नाहीतर गाडी विका. नानांनी दिवाळीपूर्वी धुळ्याहून काच आणली. काच म्हणायची, होती ती जाड पारदर्शक प्लास्टिकची, हँडलला दोन पट्ट्यांनी आणि चार नटबोल्टांनी आवळलेली. उंची एकोणीस इंच, रुंदी बावीस; मी मोजली आहे. काचेची खालची कड आणि दिवा यांच्यामध्ये एक मोठी फट होती. अक्का म्हणाल्या, "धुळ्याचा मिस्तरी आळशी दिसतो. फट तशीच ठेवून मोकळा झाला. वारा तर सरळ छातीत शिरेल." दुसऱ्याच दिवशी त्यांनी जुन्या लुगड्याची चौपदरी गोधडी शिवली, बाहेरून मेणकापड लावलं, आठ बंद शिवले आणि ती फट अशी बुजवली की मुंगी शिरू नये. गल्लीतल्या बायका येऊन टाके पाहून गेल्या.

वारा तोंडावर यायचा बंद झाला. पण वेगळंच सुरू झालं. तीस मैलांच्या पुढे काटा गेला की नानांचं डोकं दोन्ही बाजूंनी बडवल्यासारखं हलायचं. कानात ढोल. धुळ्याहून परत आले की नाना तासभर कान दाबून बसत आणि जेवण नको म्हणत. मागे बसलेल्या अक्कांचा पदर पाठीमागे उडायचा सोडून पुढे, नानांच्या तोंडावर जायचा.

"आणि माझं एक अक्षर ऐकू येत नाही यांना," अक्का सांगत.

"तेवढाच फायदा झाला," नाना म्हणत.

पण तीन आठवड्यांत नाना थकले. काचेशिवाय चालवायची नाही, काच लावून चालवता येत नाही. मिश्रीलालशेठ पाचोऱ्याचे बियाण्याचे व्यापारी, वय तिशीचं, बोलायला मोकळे. घरची एक फटफटी होती ती मोठा भाऊ सोडत नव्हता, म्हणून त्यांना दुसरी हवी होती. सौदा झाला. अक्कांनी एकच मागणं केलं, "शेठ, गाडी पंधरा दिवसांनी न्या. बागेत तोडणी शे."

"द्या तुमच्या सवडीने, अक्का. मी कुठे पळतो?" शेठ म्हणाले.

तोडणी होती हे खरं. पण शेठ गेल्यावर अक्का ओट्यावरून उठल्या, फटफटीभोवती एक फेरी मारली आणि मला म्हणाल्या, "भाऊ, तुमची ती दोन फुटी पट्टी आणि वही आणा. तुम्ही आकडे धरा, मी वारा धरते."

पहिले तीन दिवस नानांच्या मताने गेले. नानांचं मत असं, की काच बुटकी आहे. पत्रेवाल्याकडून वर सहा इंच पत्रा जोडला. नानांना रस्ता दिसेना. तो काढून काचेच्या दोन्ही बाजूंना पत्र्याचे कान लावले. माझ्या वहीत नोंद आहे: कान लावण्यापूर्वी डोकं हलायला सुरुवात बत्तीस मैलांना, कान लावल्यावर सव्वीस मैलांना. शिवाय पत्रा वाजे. शाळेची पोरं "बँड आला" म्हणून मागे धावली. नाना परत आले, गाडी उभी केली आणि म्हणाले, "गोदे, वारा अडवावा तेवढा चिडतो."

"तुम्ही म्हणालात हे?" अक्कांनी विचारलं.

"मग कोण?"

"काही नाही. पुन्हा म्हणा."

नानांनी पुन्हा म्हटलं नाही. पण अक्का त्या संध्याकाळी वाती वळता वळता गप्प होत्या, आणि गल्लीला चुकल्याचुकल्यासारखं झालं.

गुरुवारी सकाळी मी कामावर निघालो तर अक्का फटफटीसमोर उकिडव्या बसलेल्या. शेजारी वाटीत कणकेची खळ. एकेका वातीचं टोक खळीत बुडवून त्या काचेवर चिकटवत होत्या. बाहेरून सोळा, आतून सोळा, चार चारच्या रांगा. आणखी सहा नानांच्या कोटाच्या खांद्यांना.

"काय हो अक्का, आरती आहे का गाडीची?"

"वारा दिसत नाही ना, म्हणून तुमचं सगळ्यांचं फावतं," त्या म्हणाल्या. "आता दिसेल. कापूस खोटं बोलत नाही."

नाना गाडी चालू करेनात. सबंध पाचोरा रस्त्याने वाती चिकटवलेला कोट घालून जायचं म्हणजे काय, असा त्यांचा प्रश्न होता. अक्का म्हणाल्या, "तोंड वाकडं झालं तेव्हा सगळ्या गावाने पाहिलं. कोट पाहून कोण मरतंय?" नाना हसले आणि बसले.

त्या प्रवासात मी नव्हतो. दोघांनी मला वेगवेगळं सांगितलं. त्यात जेवढं जुळलं तेवढंच लिहितो. अक्का नानांच्या खांद्यावरून वाकून काचेकडे पाहत होत्या. बाहेरच्या वाती विंचरलेल्या केसांसारख्या वरच्या दिशेला नीट बसलेल्या. आतल्या सोळाच्या सोळा उभ्या राहिलेल्या, आणि त्यांची टोकं काचेकडे. खांद्यावरच्या सहाही पुढेच ओढल्यागत, सारख्या नाचत होत्या.

"अहो, थांबवा!" अक्का ओरडल्या. नानांना ऐकू आलं नाही. त्यांनी पाठीत गुद्दा घातला तेव्हा गाडी थांबली.

"वारा पुढून येतच नाही. मागून येतो!"

"मागे तर तू आहेस," नाना म्हणाले.

बागेत पोचल्यावर तात्या बांधावर बसलेले. अक्कांनी चहासुद्धा घेतला नाही. शेजारच्या मळेवाल्याने आदल्या वर्षी आपल्या केळीला वाऱ्यापासून आडोसा म्हणून दगडाची पुरुषभर उंच भिंत घातली होती. पैसा ओतला होता. आणि त्याच भिंतीमागच्या केळीची पानं झालरीसारखी चिरलेली होती. तात्यांच्या बागेला शेवरीचं कुंपण. बारीक पानांची, विरळ झाडं. पलीकडचा माणूस दिसावा इतकी विरळ. आतली पानं अखंड. अक्का लहानपणापासून हे कुंपण पाहत आल्या होत्या. ते विरळ का, हे त्यांनी कधी विचारलं नव्हतं, कारण ते तसंच असायचं.

"तात्या, भितीमांगे पानं का बरं फाटतस?"

तात्यांनी आधी मुलीच्या तोंडाकडे पाहिलं. पन्नाशीला आलेली पोर हे विचारते याचं त्यांना नवल वाटलं असावं. "भित वाऱ्याले वाट देत नही," ते म्हणाले. "मंग तो वरतून उडी मारस आणि मांगून येस. शेवरी चाळणी शे. थोडा अडावस, थोडा जाऊ देस. बठ्ठा अडावा तर भांडण व्हस."

अक्का तशाच उभ्या राहिल्या. मग कमरेवर हात ठेवून हसायला लागल्या. इतक्या हसल्या की मजूर हातातले कोयते थांबवून पाहायला लागले. नानांनी विचारलं काय झालं, तर त्यांना बोलता येईना. नुसतं फटफटीकडे बोट. गोधडीकडे. आठ बंद, चौपदरी, वरून मेणकापड.

"मीच केलं हो हे! धुळ्याचा मिस्तरी शहाणा होता. त्याने वाट ठेवली होती, मी मायेने बुजवली!"

दुसरा कोणी असता तर ही गोष्ट पोटात ठेवून गुपचूप गोधडी सोडली असती आणि काच आपोआप सुधारली म्हणून सांगितलं असतं. अक्कांनी त्या संध्याकाळी गल्लीत शिरता शिरताच, गाडीवरूनच जाहीर केलं. आवाज मोठा असल्याने कोणाला निरोप द्यावा लागला नाही. ज्या बायका टाके पाहायला आल्या होत्या त्यांना त्यांनी स्वतः बोलावून तो किस्सा पुन्हा सांगितला, दर वेळी थोडं अधिक हसून.

नाना मात्र लगेच तयार झाले नाहीत. "फट ठेवली की वारा छातीवर येणार. डॉक्टर काय म्हणाले? आणि मी शेठला शब्द दिला आहे. एक्कावन्न खिशात आहेत, ते एकशे दोन करून द्यायचे तर गाडी खरोखर बरी व्हायला हवी. थोडी बरी, थोडी वाईट, असं नको."

"बरी झाली हे कशावरून ठरवायचं?"

नानांनी विचार केला. "चाळीस मैलांना तुझं बोलणं ऐकू आलं, साध्या आवाजात, तर ठेवू."

"माझा साधा आवाज?" अक्का म्हणाल्या.

"भाऊंच्या बायकोचा साधा आवाज," नाना म्हणाले.

पुढचे आठ दिवस गोधडी सोडून, काच पट्ट्यांवर वरखाली सरकवत आम्ही फट मोजली. अक्का बोटांनी मोजत, मी इंचांनी. रोज सकाळी सात वाजता नाना एक चक्कर मारून येत, मी नोंद घेई आणि कामावर जाई. एक बोट, म्हणजे पाऊण इंच: डोकं हलायला सुरुवात चौतीस मैलांना. दोन बोटं, दीड इंच: अडतीस. अक्का म्हणाल्या, आणखी. चार बोटं, तीन इंच: डोकं मुळीच हलत नाही, पण छाती गार. तीन बोटं, सव्वादोन इंच: आतल्या वाती उभ्या राहिल्या, पण काचेकडे गेल्या नाहीत. खालून आलेला वारा त्यांना हळूच वर नेत होता. जे वाती सांगत होत्या तेच नानाही सांगत होते, एवढंच की नाना आधी चहा मागत.

फट तीन बोटांवर ठरली. उरली गोधडी. अक्कांनी तिचे बंद काढले, मेणकापड आत घेतलं आणि तिचीच नानांसाठी बिनबाह्यांची बंडी शिवली. "चुकून काचेला शिवली होती," त्या म्हणाल्या. "माप नानांचंच होतं."

रविवार २४ नोव्हेंबर. मिश्रीलालशेठ सकाळी नऊ वाजता आले, भावाची फटफटी घेऊन, मागे एक माणूस, नवी गाडी चालवत न्यायला. भावाच्या गाडीलाही पुढे काच होती, आणि तिची खालची फट फळी ठोकून बंद केलेली होती. ते पाहून अक्का तोंडाला पदर लावून आत गेल्या.

नानांनी सगळं खरं सांगितलं. शेठ म्हणाले, "नाना, सौदा सौदा आहे. पण बाईमाणसाने वाती चिकटवून गाडी बरी केली, हे मला पाहायचं आहे. चला."

बरोबरीचा माणूस ओट्यावर चहा घेत बसला. शेठच्या मागे मी, नानांच्या मागे अक्का. बांभोरीचा गिरणा पूल ओलांडून पाळधीच्या दिशेने सरळ रस्ता. पुलापलीकडे थांबून अक्कांनी मला बाजूला घेतलं आणि चाळीस मैलांना त्या काय बोलणार ते माझ्या कानात सांगितलं. पंच मी होतो. मी ते वाक्य वहीत लिहून वही मिटली.

दोन्ही गाड्या शेजारी शेजारी निघाल्या. शेठच्या काट्यावर पस्तीस दिसले तेव्हा माझे दोन्ही कान वाजायला लागले. अडतीसला माझी टोपी गेली. ती परत येताना बाभळीला अडकलेली सापडली. शेठचं डोकं माझ्यासमोर मिरची कुटणाऱ्या बत्त्यासारखं हलत होतं. आणि पाच हातांवर नाना ताठ बसलेले. काटा चाळीसवर. अक्कांनी पदर सावरला, आणि तो सावरलेला राहिला. त्यांचे ओठ हलले. अगदी थोडे. नानांनी मान किंचित डावीकडे वळवून काहीतरी उत्तर दिलं. अक्का पुन्हा बोलल्या. नानांनी मान जोरात हलवली. मग अक्कांचा हात हवेत गेला, आणि मला कळलं की भांडण चाललं आहे.

पाळधीच्या अलीकडे थांबलो. मी नानांना विचारलं, "काय म्हणाल्या अक्का?"

"तात्यांना लोकरीची कानटोपी हवी, धुळ्याहून आणा म्हणते. मी म्हटलं, धुळ्याहून कशाला? पाचोऱ्याला मिळते."

"पाचोऱ्याची टोचते!" अक्का म्हणाल्या.

मी वही उघडून दाखवली. वाक्य होतं: तात्यांसाठी लोकरीची कानटोपी धुळ्याहून आणायची.

शेठ कान चोळत होते. ते आधी वहीकडे, मग नवराबायकोकडे बघत राहिले आणि म्हणाले, "पाचोऱ्याच्या टोप्या खरंच टोचतात, नाना. पण माझ्या दुकानासमोरच आहेत, म्हणून बोलत नाही."

परत येऊन नानांनी एकशे दोन रुपये मोजून शेठच्या हातावर ठेवले. शेठ एक्कावन्नच घेत होते. अक्का ऐकेनात. "चिठ्ठीत दुप्पट शे. भाऊंनी लिहिलं शे. फिरलो तर आम्ही फिरलो."

"बरं," शेठ म्हणाले, "घेतो. पण आता माझ्या भावाच्या काचेची फळी काढा. त्याची मजुरी एक्कावन्न."

"हे काय बोलणं?" अक्का म्हणाल्या. पण फळी त्यांनी काढली. बोटं लावून फट पाहिली, दोन बोटं वर सरकवायला लावली, सहा वाती चिकटवून दिल्या आणि मजुरी सव्वा रुपया घेतली. शेठने खाली वाकून नमस्कार केला तेव्हा म्हणाल्या, "मला नको. धुळ्याच्या मिस्तरीला करा." तो सव्वा रुपया त्यांनी कमरेच्या पिशवीत, कापसात गुंडाळून ठेवला.

पुढे पाचोऱ्याहून, चाळीसगावहून, अमळनेरहून माणसं यायची. "काचवाल्या अक्का कुठे राहतात?" असं विचारत. कोणाच्या काचेची फट बुजलेली, कोणाची काच उलटी लावलेली, एकाने तर आतून आरसा बसवून फट झाकली होती. प्रत्येकाकडून सव्वा रुपया आणि प्रत्येकाला दोन केळी. हिशेबाने हा धंदा तोट्याचा होता. मी तसं एकदा म्हटलं. "तुमची शेगडी हलवली तेव्हा काय घेतलं होतं?" त्यांनी विचारलं.

तात्यांना कानटोपी धुळ्याचीच आली. ती घालून ते चार हिवाळे बागेतच राहिले आणि बागेतच गेले. शेवटच्या दिवशी त्यांनी खाट कुंपणाजवळ मांडायला सांगितली होती, असं अक्का म्हणाल्या. एवढंच एक वाक्य त्यांनी माझ्याशी हळू आवाजात बोललेलं मला आठवतं.

१९७३ मध्ये माझी नोकरी बदलली आणि आम्ही धुळ्याला आलो. मी जुनी स्कूटर घेतली. तिला पुढे काच होती, आणि तीस मैलांना माझे कान वाजत. मी पट्टी घेऊन मोजलं. फट होती, सव्वादोन इंच, अगदी बरोबर. तरी वाजत. मी अक्कांना पत्र लिहिलं, सगळी मापं देऊन, आकृती काढून. उत्तर आलं नाही.

एका रविवारी, २० जानेवारी १९७४ रोजी, सकाळी अकराला गल्लीत ओळखीची फटफट ऐकू आली, आणि तिच्याआधी ओळखीचा आवाज. दोघं सत्तावन्न मैल आलेले. नानांच्या अंगात बंडी, अक्कांच्या मांडीवर केळ्यांचा करंडा. अक्कांनी चहा घेतला, माझ्या पत्नीची नवी शेगडी पाहिली, मागची खिडकी बोटभर ओढून घेतली आणि मग स्कूटरपाशी उकिडव्या बसल्या. खळीची वाटी. सोळा वाती. एक चक्कर त्या स्वतः माझ्या मागे बसून आल्या.

"भाऊ, नानांचं माप नानांना. तुम्ही नानांपेक्षा चार बोटं बुटके. काच तुमच्यासाठी उंच शे, वारा डोक्यावर येऊन फुटतो. थोडी मागे झुकवा."

बोल्ट सैल करून काच मागे झुकवली. किती अंश ते मी नंतर मोजलं, पण त्यांनी गाल वळवूनच सांगितलं होतं, "बस."

जेवून दुपारी ते निघाले. गल्लीच्या तोंडापर्यंत मी पोचवायला गेलो. पारोळ्याच्या रस्त्याला गाडी लागली, वेग वाढला. अक्का एका अंगाला बसलेल्या, तोंड नानांच्या डाव्या कानाशी, रिकामा करंडा मांडीवर, पदर जागच्या जागी. त्यांचा हात हवेत वर गेला. नानांची मान नाही नाही म्हणून हलली. काय चाललं होतं ते मला ऐकू आलं नाही, नानांना आलं. त्यानंतर मी अक्कांना पाहिलं नाही.

घरी येऊन वही काढली. नोंद अशी आहे: २०-१-७४, काच झुकवण्याची मजुरी रुपये एक पैसे पंचवीस, रोख, गोदाअक्का यांस. पोहोच म्हणून केळ्यांच्या दोन फण्या मिळाल्या.